जान्या बिनतक्रार मेला

लहानपणाच्या आठवणींत ही साठीनंतरची गोष्ट कशाला घुसडली, असं कुणी विचारील. मागच्या प्रकरणांत जो मुलगा येतो तो साठ वर्षांचा होईपर्यंत तसाच होता, म्हणून. केस पिकले, नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तरी तो मोठा झाला नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याला मोठं व्हावं लागलं. तेव्हा आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि डहाणूच्या बाजारात जो तो कुठलं ऑफिस कुठे जाणार याच्यावर बोलत होता.

त्या मुलाचं दुखणं थोडक्यात सांगतो. माझे वडील चिकूच्या वाडीत पेट्या भरायचे. पेटीत गवत घालायचं, फळांचे थर लावायचे, वर पुन्हा गवत. पेट्यांवरची इंग्रजी अक्षरं मी शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच ओळखायला लागलो. वडिलांना त्याचं एवढं कौतुक, की खताची गोणी असो, औषधाची बाटली असो, कोर्टाचं पाकीट असो, लोकांचे कागद माझ्यासमोर ठेवून ते म्हणायचे, "वाच रे." मी वाचायचो. अडलो तर बनवून सांगायचो. अडल्याचं कळलं असतं तर वडिलांचा चेहरा पडला असता, आणि बनवलेलं पकडणारं आसपास कुणी नव्हतं. "मला येत नाही" हे तीन शब्द त्या वयात जिभेवर बसले नाहीत ते पुढेही बसले नाहीत.

पुढे एका शाळेच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली. मी शिक्षक नव्हतो, पण मुलं सर म्हणायची, गावही म्हणू लागलं, आणि पाड्यांवरून येणारी माणसं मास्तर म्हणायची. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. पुस्तक बाहेर जाताना मागच्या चिठ्ठीवर तारखेखाली एक शिक्का पडायचा, इश्यूड. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल, नारळ आणि दोन खंडांचा मोठा इंग्रजी शब्दकोश दिला. सुमननं, माझ्या बायकोनं, त्याला जुन्या साडीच्या कापडाचं कव्हर शिवलं आणि तो टीव्हीशेजारी ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसायचा. उघडायची वेळ यायची नाही.

घर लहानच, दोन खोल्या आणि पुढे पडवी. सकाळी सुमनच्या भाकऱ्यांचा थापथाप आवाज, मग मासळीवालीची हाक, दुपारी वारा सुटला की मागच्या सुरूच्या झाडांची सूं सूं. सुक्या बोंबलाची चटणी ती पाट्यावर वाटायची. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते, चटणी होत नाही, असं तिचं मत होतं. पडवीत माझी खुर्ची. लोक कागद घेऊन तिथेच यायचे. मी पैसे घेत नसे. त्याचाही मला अभिमान होता. फुकट काम करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, हे त्या अभिमानात लपलेलं होतं. ते आता दिसतं.

उन्हाळ्यात एका सकाळी लाडकी आली. तलासरी रस्त्याला एक जुनी चिकूची वाडी आहे, तिथल्या जान्याची ही एकुलती एक मुलगी. जान्यानं जन्मभर त्या वाडीची राखण केली. वाडीच्या कडेला त्याचं झोपडं, एक विहीर आणि पाच-सहा ताडाची झाडं होती. जुन्या शेठनी ती जागा त्याला लिहून दिली होती, असं सगळे म्हणायचे. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाडी विकली गेली होती. दोन महिन्यांपूर्वी जान्याही गेला होता. लाडकी नवऱ्यामागं बापाकडेच राहत होती. चाळिशीची, बारीक, सरळ डोळ्यांत बघून बोलणारी. येताना तिनं पळसाच्या पानांत ताडगोळे आणले होते.

तिच्याबरोबर नव्या मालकांचा माणूस होता, मनोजभाई. गुळगुळीत दाढी, काखेत चेनची बॅग.

"मास्तर, ह्यो म्हंते जागा सोड," लाडकी म्हणाली. "कागदातच तसं हाय म्हंते. माना वाचता नाय ये. तू वाच. तू बोलशील ते खरं."

"सर, जुओ ने, तुम्हीच वाचा," मनोजभाई म्हणाला. "आपल्याला काय, जे असेल ते असेल."

कागद एकच पान, टाईप केलेला, घड्यांवर फाटलेला. वरचा भाग सोपा होता. जागेच्या चतुःसीमा, जान्याचं नाव, प्रामाणिक सेवेबद्दल राहायला आणि कसायला दिली, वगैरे. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेलो आणि लाडकी मान हलवत गेली. शेवटी एक ओळ होती. जान्या जर विदाउट इश्यू मेला, तर जागा वाडीकडे परत जाईल.

इश्यू. मी थांबलोसुद्धा नाही. हा शब्द कुणाला येत नाही? ऑफिसात इश्यू होतो, बँकेत इश्यू येतो, रिक्षावालासुद्धा म्हणतो, इश्यू नको करू. मी सांगितलं, "जान्या जर काही तंटा-तक्रार न करता मेला, तर जागा परत वाडीची. म्हणजे त्यानं जिवंतपणी हक्क सांगायला हवा होता, भांडायला हवं होतं. त्यानं काही केलं होतं का? अर्ज, केस, काही?"

"नाय," लाडकी म्हणाली. "तो कोणाशी भांडलाच नाय कवा."

"मग संपलं. जान्या बिनतक्रार मेला."

आतून सुमन पाण्याचे तांबे घेऊन येत होती. ती दारात थांबून म्हणाली, "अहो, तक्रार केली नाही म्हणून जागा काढून घ्यायची, हे कसलं लिहिणं? एवढा कोश आहे, बघा की एकदा."

"तीस वर्षं ह्या शब्दाचा शिक्का मारलाय मी," मी म्हणालो. "तू ताडगोळे सोल."

मनोजभाई हसला. त्याची बॅग मांडीवर अर्धी उघडी होती, त्यात आणखी कागद होते. ते त्यानं बाहेर काढलेच नाहीत, चेन लावून टाकली. लाडकी जान्याची मुलगीच नाही असं भांडायची तयारी करून तो आला असावा, हे मला फार उशिरा सुचलं. माझ्या पडवीत त्याची ती मेहनत वाचली.

त्यानं दुसरा कागद पुढे केला, राजीखुशीनं ताबा सोडल्याचा. लाडकीनं अंगठा लावला. साक्षीदार म्हणून मी सही केली, इंग्रजीत, खाली रेघ ओढून. मूळ कागद मनोजभाईनं परत घेतला आणि त्याची झेरॉक्स, "सर, तुमच्या रेकॉर्डला," म्हणून माझ्या हातात दिली. लाडकी उठली. पायरीवर तिनं मागे वळून विचारलं, "भांडला असता तर रायली असती?"

"राहिली असती," मी म्हणालो.

त्यानंतर ती कधी बाजारात भेटायची. वाडी सोडून ती तलासरीजवळच्या एका पाड्यावर भाड्याच्या खोलीत गेली होती आणि सीमेपलीकडच्या कारखान्यांत रोजावर जात होती. दर वेळी ती बापाबद्दल बोलायची आणि दर वेळी आवाज चढलेला असायचा. "गप मेला. सारा जनम गप. शेठ बोलला बस, बसला. ऊठ बोलला, उठला. येक डाव तोंड उघडलं असतं तं मी आज कठं असती?" एकदा ती म्हणाली की बापाच्या नावानं पान वाढायचं तिनं बंद केलं आहे. "जेवील त्या शेठकडंच." भाजीवाल्या बाया हसल्या. मीही हसलो होतो.

दोन वर्षांनी शाळेनं मला भाषण द्यायला बोलावलं. विषय मीच सुचवला होता, शब्दांच्या जन्मकथा. कुठला शब्द घ्यावा असा विचार करताना माझा शब्द आठवला. रोज शिक्क्यानं उमटवलेला, तोच घेऊ, मुलांना गंमत वाटेल. भाषणाच्या दोन दिवस आधी दुपारी मी कोशाचं कव्हर काढलं.

मूळ लॅटिनमधलं, बाहेर जाणं. तिथून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत. थिएटरात लाल दिव्यावर लिहिलेलं एक्झिट हे त्याचंच भावंड. मला मजा वाटू लागली. आपल्या 'निघणे'चंही तसंच आहे, हे मला वाचता वाचता सुचलं. गाडी निघते, अंक निघतो, वॉरंट निघतं, भांडण निघतं. मी पेन्सिलीनं टिपा काढत होतो. पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्ग, नदीचं मुख. जखमेतून वाहणारं रक्त किंवा पू. वर्तमानपत्राचा अंक. दोन पक्षांच्या म्हणण्यातून बाहेर निघणारा वादाचा मुद्दा. आणि मग, एका शरीरातून बाहेर आलेलं दुसरं शरीर, संतती, मुलंबाळं, मुख्यतः कायद्याच्या भाषेत. पुढे उदाहरण होतं. विदाउट इश्यू, म्हणजे निपुत्रिक, निःसंतान.

सुरूचा आवाज येत होता. आत सुमन कालवण ढवळत होती. मी ती ओळ पुन्हा वाचली. जान्या निःसंतान मेला तर जागा परत. म्हणजे मूल असेल तर जागा त्याची. त्या सकाळी जे मूल माझ्यासमोर खाली बसून, हात जोडून, कागद वाच म्हणत होतं, त्याच्यासाठीच ती ओळ लिहिलेली होती. कागदातल्या प्रश्नाचं उत्तर ताडगोळे घेऊन माझ्या पडवीत आलं होतं. आणि मी तिला सांगितलं होतं, तुझा बाप नेभळट होता.

इथवर चूक होती. माणूस चुकतो. पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्या दिवशी मी चप्पल घालून निघालो असतो तर लाडकीचं झोपडं उभं होतं. नव्या मालकांनी त्यात फवारणीचे पंप आणि पाइप ठेवले होते, बाकी काहीच बदललं नव्हतं. अंगठा फसवून घेतला असं म्हणता आलं असतं. साक्षीदारच उलटला असता तर कुणीतरी ऐकलंही असतं. झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढली, ओळ पडताळून पाहिली. मग डोळ्यांसमोर बाजार आला. मास्तरला इश्यूचा अर्थ येत नव्हता. तीस वर्षं शिक्का मारला आणि अर्थ येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना ती झेरॉक्स मी बंबात घातली. एक पान, किती वेळ लागणार. सुमनला हे मी कधीच सांगितलं नाही. ती आता नाही.

भाषण चांगलं झालं. शाळेच्या हॉलमध्ये मुलं सतरंजीवर बसली होती. मी लॅटिन सांगितलं, एक्झिट सांगितलं, निघणे सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या. पाच अर्थ सांगितले. सहावा गाळला. शेवटी मुख्याध्यापकांनी, काही शंका, असं विचारलं, तेव्हा मागून दोन वेण्यांची एक मुलगी उठली.

"सर, पेपरात लग्नाच्या जाहिरातीत असतं ना, घटस्फोटित, नो इश्यू? म्हणजे तिचं भांडण नाही का?"

"भांडण नाही तर घटस्फोट कशाला घेतला गं?" शेजारची म्हणाली, आणि हॉल हसला.

मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती, आणि तीसुद्धा एका लहान मुलीनं दिली होती. मी म्हणालो, "हो. तसंच. काही कटकट नाही, असा अर्थ." मुलगी खाली बसली. मला गुलाबाचं फूल दिलं.

तिथून सव्वा वर्ष मी गप्प होतो. या गप्प राहण्यात मला बरं वाटत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बरेच दिवस बरं वाटायचं. चटणी-भाकरी गोड लागायची, दुपारची झोप लागायची. लाडकी बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो, एवढंच. त्या सव्वा वर्षात वाडीची चिकूची झाडं तोडली गेली, जमिनीचे तुकडे पडले, फार्महाऊसच्या प्लॉटचे बोर्ड लागले. झोपडं पाडलं, विहीर बुजवली, सगळ्याभोवती भिंत आली. हे मला एसटीच्या खिडकीतून टप्प्याटप्प्यानं दिसत होतं.

सुमनचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. एकदा कोशावरची धूळ झटकताना तिला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. त्या शब्दाच्या पानावर सहाव्या अर्थाखाली मी नकळत दोनदा रेघ मारली होती, कागद जवळजवळ फाटला होता. ती ओळ तिनं अक्षर लावून लावून वाचली असेल. मी बाहेरून आलो तेव्हा ती खुर्चीत, माझ्या खुर्चीत, कोश मांडीवर घेऊन बसली होती.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

मी तारीख सांगितली नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"मी म्हटलं होतं बघा म्हणून," ती म्हणाली. मग कोश मिटून, "तुम्ही जाता की मी जाऊ?"

आधी मी एका वकिलाकडे गेलो. निदान काहीतरी हातात घेऊन जावं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद कुठाय?" मूळ कागद मालकांकडे. "नक्कल?" मी म्हणालो, नाही. "मग सर, तुम्ही जे सांगताय ती नुसती गोष्ट आहे," ते म्हणाले.

थंडीचे दिवस होते. त्या सुमारास आमच्याकडे जमीन हलत होती. आठवड्यातून कितीदा तरी खालून गुडगुड व्हायचं, भांडी वाजायची. तलासरीकडची माणसं घरांत झोपायची नाहीत, दारापुढे ताडपत्री बांधून तिथेच चूल आणि तिथेच अंथरूण. लाडकीच्या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती. ती बाहेर ताडपत्रीखाली नागलीची भाकरी भाजत होती.

"मास्तर! तू कठं इकडं? बस. भाकर खातंस?"

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं. शब्दाचा अर्थ तंटा नव्हे, पोटचं मूल असा होता. कागदात लिहिलं होतं की जान्याला मूल नसेल तरच जागा परत. मूल असेल तर नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. दोन्ही बाजूंनी नीट भाजली. खाली उतरवली.

"म्हंजे बाप गप रायला म्हणून नाय गेली."

"नाही."

"तो गपच रायला असता तरी माझीच व्हती."

"तुझीच होती."

"मी व्हते म्हणून."

"तू होतीस म्हणून."

मला वाटलं ती भाकरी फेकेल, तवा फेकेल. तिनं मला शिवीसुद्धा दिली नाही. जमिनीबद्दल, वकिलाबद्दल, भरपाईबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विस्तवाकडे बघत ती म्हणाली, "चार वरसं पान नाय दिलं मी त्याला. उपाशी ठेवला." मग उठली, पदर खोचला. "माना नको सांगू. त्याला सांग. चल."

"कुठे?"

"त्याचा दगड हाय ना ताडाखाली. बाराव्याला मी ठेवलेला."

टमटममध्ये आम्ही शेजारी बसून वाडीपर्यंत गेलो. आता तिथे लोखंडी फाटक होतं. भिंतीवरून ताडांचे शेंडे दिसत होते. तेवढे पाडले नव्हते, शोभेला ठेवले असावेत. वॉचमन बाहेरगावचा पोरगेला माणूस होता, नम्र होता. आत कुणालाही सोडायची ऑर्डर नाही, म्हणाला. मग माझ्या कपड्यांकडे बघून आणि लाडकीकडे बघून त्यानं विचारलं, "कुछ इश्यू है क्या, अंकल?"

लाडकीनं मान हलवली.

"हाय," ती म्हणाली.

फाटकाच्या गजांतून आत बघत ती मला म्हणाली, "हिथूनच सांग." वॉचमन खुर्चीवर जाऊन बसला. मी गज धरले आणि ताडांकडे तोंड करून म्हणालो, जान्या, तुझा कागद मी चुकीचा वाचला. तुझी काही चूक नव्हती. तू भांडला नाहीस म्हणून जागा गेली असं मी तुझ्या मुलीला सांगितलं, ते खोटं होतं.

"आनखी?" लाडकी म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त विचारत होती, झालं का.

मला हो म्हणता आलं असतं.

"आणि अर्थ कळल्यावरही मी गप्प बसलो," मी म्हणालो. "तुझं झोपडं तेव्हा उभं होतं. कागदाची नक्कल माझ्याकडे होती. ती मी जाळली."

हायवेकडे जाणारा एक डंपर मागून गेला. लाडकी माझ्याकडे वळली नाही. तिची बोटं गजावर होती, आणि ती आतच बघत होती.

"जोरात बोल," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू यायचं."